तबला शिकणाऱ्या मुलांचे पालक: घरच्या रियाजाची घडी कशी बसवावी

शाळेत जाणारे मूल आठवड्यातून दोनदा तबल्याच्या वर्गाला जाते आणि दर वेळी पाऊण तास बसते असे धरले, तर शिक्षकांच्या नजरेखाली त्याचा आठवड्यात दीडच तास जातो. वर्गात दहा मुले असतील, तर त्यातही प्रत्येकाच्या हाताकडे स्वतंत्रपणे पाहायला शिक्षकांना चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. उरलेले पाच दिवस तबला घरी वाजतो किंवा वाजत नाही, आणि मूल दोन वर्षांत कुठवर पोचते हे बहुतेक वेळा त्या पाच दिवसांवर ठरते. म्हणून वर्ग, वाद्य आणि परीक्षा यांच्याइतकाच विचार पालकांनी घरच्या पंधरा मिनिटांचा करायला हवा. ‘आम्हांला संगीतातले काही कळत नाही’ ही अडचण पुष्कळ पालक सांगतात. आमच्या घरीही तीच परिस्थिती होती आणि मुलगी नऊ वर्षे तबला शिकली, त्या अनुभवावरून मी असे म्हणेन की न कळणे फारसे आड येत नाही, अर्धवट कळणे मात्र अनेकदा येते.

सुरुवात कधी करावी, याचे उत्तर वयाच्या आकड्यापेक्षा मुलाच्या शरीरावर आणि बैठकीवर अवलंबून असते. मूल मांडी घालून, पाठ ताठ ठेवून पंधरा मिनिटे बसू शकते का, त्याला न चुकता सोळापर्यंत सम लयीत टाळ्या वाजवत मोजता येते का, आणि एकदा ऐकलेला चार-पाच अक्षरांचा बोल त्याला जसाच्या तसा म्हणता येतो का, हे घरीच पाहता येते. सर्वसाधारणपणे दुसरी-तिसरीतल्या मुलांना हे जमते. त्याआधी घातले तर बिघडत काही नाही, पण पहिले वर्ष बसायला शिकण्यातच जाते आणि पालक मात्र प्रगती नाही म्हणून अस्वस्थ होतात. इतर वाद्यांचे हिशेब वेगळे आहेत. व्हायोलिन पाव, अर्धे, पाऊण अशा लहान मापांत मिळते, त्यामुळे ते लवकर हाती देता येते. मोठ्या बासरीची छिद्रे लहान बोटांनी झाकली जात नाहीत, आणि सतारीची लांबी व तारेचा बोटांना होणारा त्रास पाहता तिथे थोडे थांबलेले बरे. पेटीचा भाता डाव्या हाताने चालवत उजव्या हाताने सूर धरणे आठ वर्षांच्या मुलाला जमते, फक्त पेटी त्याच्या कोपराच्या उंचीला येईल अशी बैठक करून द्यावी लागते.

मुलीला तबला घालणार म्हटल्यावर नात्यातून ‘पेटी का नाही?’ असा प्रश्न आजही येतो. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र तबलावादनाच्या मैफली गाजवून कित्येक दशके झाली, एवढे उत्तर पुरेसे असते.

शिक्षक निवडताना नाव आणि अंतर यांच्यापलीकडे एक गोष्ट पाहावी: एखाद्या वर्गात मागे बसून पूर्ण तास ऐकू देण्याची विनंती करावी. त्या तासात मुले तोंडाने बोल म्हणतात का, म्हणजे पढंत होते का, याकडे लक्ष द्यावे. जिथे हातापूर्वी तोंड चालते तिथे पाया घातला जातो. जिथे पहिल्याच महिन्यात चित्रपटगीतावर ठेका धरायला शिकवतात तिथे मूल आनंदाने जाते, परंतु दोन वर्षांनी तिरकिट हा बोल स्पष्ट निघत नाही तेव्हा बोटांची बसलेली सवय मोडण्यात तितकाच काळ जातो. शिक्षक मुलाच्या मनगटाला हात लावून ते सरळ करतात का, डग्ग्यावरच्या, म्हणजे जोडीतल्या डाव्या वाद्यावरच्या, तळहाताकडे पाहतात का, की केवळ समोर बसून वाजवतात आणि मुले मागून वाजवतात, हेही त्या एका तासात दिसते. फी किती, हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिल्या सहा महिन्यांत काय शिकवाल, हा प्रश्न आधी विचारावा, आणि ‘त्रिताल, दादरा, केरवा, त्यांच्या टाळ्या आणि हाताची ठेवण’ अशा चालीचे साधे उत्तर आले तर समाधान मानावे.

वाद्य खरेदीची घाई करू नये. पहिले एक-दोन महिने वर्गातल्या तबल्यावर शिकू द्यावे आणि घरी फक्त पढंत करून घ्यावी. त्यानंतर खरेदीला शिक्षकांना बरोबर नेता आले तर उत्तम, नाहीतर त्यांनी सांगितलेल्या तबलेवाल्याकडेच जावे. लहान मुलासाठी खेळण्यासारखा छोटा तबला घेणे हा पैशांचा अपव्यय आहे, कारण त्यावर शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या लेपाचा, नाद येत नाही आणि हाताला चुकीचे अंतर सवयीचे होते. साधारण साडेपाच इंच तोंडाचा, शिसवी किंवा तशाच जड लाकडाचा तबला काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) आसपास लागतो आणि तो बरीच वर्षे पुरतो. तोंड जितके लहान तितका सूर उंच, हे लक्षात ठेवले म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही. डग्गा तांब्याचा घेतला तर नाद गोल येतो, पितळी स्वस्त पडतो. लोखंडी पत्र्याचा हलका डग्गा मात्र वाजवताना सरकतो आणि मुलाचे निम्मे लक्ष तो धरून ठेवण्यात जाते. चुंबळी, म्हणजे खालची कापडी कडी, घट्ट आणि पुरेशा उंच असाव्यात. तबला मुलाच्या दिशेला नाही, तर किंचित पुढे, त्याच्या समोरच्या बाजूला कललेला राहतो का, हे मुलाला तिथे बसवूनच पाहावे.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तबला दुरुस्त करणारा माणूस शंभर मैलांत सापडत नाही. त्यांनी वादीऐवजी (पुडी ताणून धरणाऱ्या कातडी पट्टीऐवजी) नट-बोल्ट लावलेला तबला घेण्याचा विचार करावा. जाणकारांना त्याचा नाद तितकासा पसंत पडत नाही, पण पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, बदलणे आणि सूर चढवणे घरच्या घरी जमते. भारतात येणे झाले की तयार पुड्यांचा एक जादा जोड नेऊन ठेवावा.

हातोडी घरात येते तेव्हा ती उंच कपाटात ठेवावी. ही सूचना मी अनुभवाने देत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तबला उतरल्यासारखा वाटला म्हणून मी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या कड्यावर, हातोडीने चार ठोके घातले, त्यातला एक तिरका जाऊन पुडीवर बसला आणि ती किनारीजवळ फाटली. दुसऱ्या दिवशी मुलीने केंद्रावरच्या परक्या तबल्यावर परीक्षा दिली. सूर बारीक फरकाने खालीवर करायचा तर गजऱ्यावर आणि मोठा बदल हवा तर वादीखालचे लाकडी गट्टे सरकवून, हे तत्त्व समजायला सोपे आहे. ते कानाने करायला मात्र वर्षे लागतात. मुलाला ते शिक्षक चौथ्या-पाचव्या वर्षी शिकवतील, पालकांनी त्यात पडू नये. पालकांचे काम देखभालीचे आहे. शाईला पाण्याचा थेंब लागू देऊ नये, तेलकट हाताने वाजवू देऊ नये, घामेजल्या हाताला किंचित पावडर चालते पण तिचा थर पुडीवर साचू देऊ नये. पावसाळ्यात कातडे ओल धरते आणि आवाज बसका होतो, तेव्हा तबला गॅसजवळ किंवा उन्हात ठेवून ‘शेकण्याचा’ मोह टाळावा. त्याने कातडे आक्रसते, शाई तडकते आणि पापुद्रे सुटू लागतात. सुती खोळ, जमिनीपासून वीतभर उंच जागा आणि रोजचे वाजणे एवढ्याने कोकणातल्या पावसातही तबला टिकतो. उन्हाळ्यात बंद मोटारीत तबला ठेवून लग्नाला जाऊ नये, हेही याच यादीत घालावे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे रियाजाकडे यायचे. आठ वर्षांच्या मुलाला रोज पंधरा मिनिटे पुरतात, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला अर्धा तास, आणि पुढे मध्यमा परीक्षेच्या तयारीत असणाऱ्याला पाऊण तास ते तास. रविवारी दोन तास बसवून आठवडा भरून काढण्याचा प्रयोग आम्ही केला आणि सोडून दिला. तिसऱ्या पावतासाला बोटे जड होतात, हात खांद्यापासून उचलून मारला जातो आणि मूल त्या चुकीचाच रियाज करत राहते. वेळ दिवसाच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावी: शाळेतून आल्यावर दूध पिऊन झाले की, किंवा संध्याकाळी दिवा लावला की. घड्याळातल्या साडेसहापेक्षा हा खुंटा जास्त टिकाऊ ठरतो, कारण पाहुणे आले तरी दूध आणि दिवा चुकत नाहीत. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर तबला काढू नये. जाड सतरंजी अंथरावी आणि भिंतीला पाठ लावून न बसता खोलीच्या मध्यभागी बसावे. शेजाऱ्यांना पहिल्याच महिन्यात वेळ सांगून ठेवली की तक्रारी कमी येतात.

ज्या पालकाला काहीच येत नाही त्याने या पंधरा मिनिटांत करायचे काय? त्याने हाताने ताल धरावा. त्रिताल १६ मात्रांचा, चार-चार मात्रांच्या चार खंडांचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर काल, म्हणजे टाळी न वाजवता तळहात उलटा करून बाजूला नेणे. मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या. मुलाने ठेका म्हणायचा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पालकांनी आधी मुलाच्या पढंतीबरोबर हा ताल धरावा, दोन-तीन आवर्तने, म्हणजे तालाचे पूर्ण फेरे, जुळली की मुलाने तेच बोल हाताने वाजवावेत आणि पालकांनी टाळी चालू ठेवावी. यात तबल्याचे ज्ञान लागत नाही, लागतो तो धीर. सुरुवातीला पालकच चुकतात, नवव्या मात्रेवर टाळी वाजवतात, आणि मूल हसून त्यांना थांबवते. ते हसणे मोलाचे आहे, कारण चूक दाखवण्यासाठी मुलाला स्वतः मोजत राहावे लागते. काही आठवड्यांत डग्ग्याचा भरीव ‘धिं’ जाऊन ‘तिं’ आला की कालाचा खंड सुरू झाला, हे पालकांच्याही कानाला कळू लागते. त्यानंतर दादरा सहा मात्रांचा, केरवा आठांचा, झपताल दहांचा आणि त्यातही खंड २, ३, २, ३ असे विषम, इतके शिकले की पहिली दोन वर्षे पालक मुलाला पुरून उरतात.

लय संथ ठेवणे ही पालकांची दुसरी जबाबदारी. मुलांचा ओढा नेहमी जलद वाजवण्याकडे असतो, आणि मोबाईलवर पाहिलेली जुगलबंदी तो वाढवते. एखादा कायदा, म्हणजे विस्तार करण्यासाठी बांधलेली बोलांची रचना, मूल न अडखळता पाच आवर्तने वाजवते त्या लयीच्याही किंचित खाली आपली टाळी धरावी. प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू येते का, एवढेच ऐकावे. ‘तिरकिट’मधली चारही अक्षरे मोजता आली पाहिजेत, तीनच ऐकू आली तर लय जास्त झाली असे समजावे. ठाय, म्हणजे मूळ संथ लय स्थिर झाली की मूल स्वतःच दुगुन, म्हणजे दुप्पट लय मागते. लेहऱ्याची, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणाऱ्या सुरावटीची अ‍ॅप उपयोगी आहेत, पण ती मुलाला सम (तालाची पहिली मात्रा) तोंडाने सापडू लागल्यावर द्यावीत. आधी दिली तर मूल पेटीच्या सुरावरून सम ओळखते आणि मोजणे सोडून देते.

वहीचाही प्रश्न येतो. ताललेखनाच्या दोन पद्धती आपल्याकडे प्रचलित आहेत आणि त्यांची चिन्हे पालकांना हमखास फसवतात. भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि कालाला शून्य लिहितात. पलुस्कर पद्धतीत समेला १, कालाला अधिकचे चिन्ह आणि इतर टाळ्यांखाली त्या त्या मात्रेचा आकडा येतो. घाईत लिहिलेली एका पद्धतीची फुली आणि दुसऱ्या पद्धतीचे अधिक सारखेच दिसतात, म्हणजे एकीकडे जी सम तीच दुसरीकडे काल होऊन बसते. शिक्षक कोणती पद्धत वापरतात ते पहिल्याच पानावर लिहून घ्यावे आणि आंतरजालावरून उतरवलेले कागद त्या वहीत मिसळू नयेत.

हात कसा पडावा, बोट कुठे ठेवावे, ‘ना’ किनारीवर नीट लागतो की नाही, याविषयी पालकांनी बोलू नये. इथेच अर्धवट कळणे आड येते. चार चित्रफिती पाहून आपण सांगितलेली सुधारणा शिक्षकांच्या घराण्याच्या पद्धतीशी विसंगत असू शकते, आणि मूल दोन हुकमांमध्ये अडकते. हाताबद्दल शंका आली तर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून पुढच्या तासाला शिक्षकांना दाखवावे. बोटांच्या टोकांची आग सुरुवातीला होते आणि जाते. मनगट किंवा कोपर दुखत असल्याची तक्रार आली तर मात्र त्या दिवशी वादन थांबवावे, पढंत करावी आणि शिक्षकांना कळवावे. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत आई किंवा वडील तासाला हजर राहतात आणि घरी सराव घेतात. आपल्याकडे काही पालक तिचा दाखला देऊन वर्गात बसण्याचा आग्रह धरतात, परंतु ती पद्धत शिक्षकांनीच तशी आखलेली असते. आपल्या वर्गात शिक्षकांची इच्छा नसेल तर बाहेर थांबावे.

पाहुण्यांपुढे ‘जरा वाजवून दाखव’ असे म्हणणेही टाळावे. तबला लावलेला नसतो, साथीला लेहरा नसतो, आणि अर्ध्या कायद्यातच चहा येतो. मुलाला वाजवायला खरा प्रसंग हवा असतो, आणि मराठी घरात त्याची वाण नाही. गणपतीच्या दहा दिवसांत आरतीला केरवा धरणे, कोपऱ्यावरच्या भजनी मंडळात बसणे, शाळेच्या प्रार्थनेला पेटीबरोबर साथ करणे, गोव्यात देवळातल्या भजनाला बसायला मिळणे, हे सर्व मुलाला दुसऱ्याचे ऐकत वाजवायला शिकवते. आरतीत लय हळूहळू वाढत जाते आणि शेवटी झांजा तबल्याला खेचून नेतात, ही गोष्ट शुद्धतावाद्यांना खटकते. मला ती खटकत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला आपण वीस माणसांचा गजर सांभाळतो आहोत असे त्या वेळी वाटते आणि दुसऱ्या दिवशी रियाजाला बसायला सांगावे लागत नाही. मैफलीला नेताना मात्र पूर्ण रात्रीचा हट्ट धरू नये. पुढच्या रांगेत, तबलावादकाचे हात दिसतील अशा बाजूला, पाऊण तास बसवावे आणि मूल चुळबुळू लागले की उठावे.

परीक्षांबद्दल पालकांची घाई सर्वांत जास्त असते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज महाराष्ट्रातली बहुसंख्य मुले देतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारद. या चढणीचा फायदा असा की अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि परक्या परीक्षकासमोर बसण्याची सवय होते. तोटा असा की दहावीला शास्त्रीय कलांसाठी काही अटींवर मिळणाऱ्या वाढीव गुणांकडे डोळा ठेवून पालक सातवी-आठवीपासून वर्षे मोजू लागतात. मग शिक्षक परीक्षेचेच कायदे घोटून घेतात आणि मुलाला त्याबाहेरचा एक तुकडाही येत नाही. माझ्या मते दोन परीक्षांमध्ये एक मोकळे वर्ष असावे आणि त्या वर्षी साथसंगत शिकावी. गुणांच्या अटी शासन वेळोवेळी बदलते, त्यामुळे त्या वर्षीचा नियम शाळेतूनच तपासून घ्यावा, वर्गातल्या पालकांच्या गप्पांवर विसंबू नये.

उस्ताद अल्लारखाँ यांनी नवजात झाकिर हुसेन यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले, ही आठवण झाकिरभाईंनी स्वतः सांगितली आहे आणि ती प्रत्येक पालकाला माहीत असते. ते घर चोवीस तास तबल्याचे होते, आपल्या घरात शिकवणी, क्रिकेट आणि गणिताचा पेपरही आहे. ही तुलना मुलापुढे कधीही करू नये.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक टप्पा असा येतो की मूल बसते पण पुढे सरकत नाही. जलद बोलांचा रेला तुटतो, जुने कायदे कंटाळवाणे होतात, आणि नेमके त्याच वेळी शाळेचा अभ्यास वाढतो. अशा वेळी रियाज बंद करू नये, लहान करावा. सहामाही परीक्षेच्या पंधरवड्यात दिवसाला पाच मिनिटे, तीही फक्त त्रितालाचा ठेका आणि एक कायदा, एवढ्याने बोटांची ठेवण टिकते. शिक्षकांशी मुलासमोर नव्हे, वेगळे बोलावे आणि एखादी छोटी, सोपी पण आकर्षक गत (बांधलेली बोलरचना) किंवा तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा बोल, मागून घ्यावी. समेवर बरोबर येऊन पडणारी तिहाई जमली की अनेक मुले आपण होऊन दोन महिने पुढे जातात.

तरीही एखादे मूल सोडतो म्हणते. तेव्हा कारण शोधावे: वर्गातली जागा बदलली का, बरोबरचा मित्र गेला का, शिक्षक बदलले का, की खरोखर हे वाद्यच नको आहे. एका सत्राची मुदत दोघांनी मिळून ठरवावी आणि ती संपल्यावर मुलाचा निर्णय मान्य करावा. तालाचे अंग तयार झालेले मूल पेटीकडे, गाण्याकडे किंवा नृत्याकडे वळले तर ती वर्षे त्याच्या कामी येतात. तबला लगेच विकू नये किंवा माळ्यावर टाकू नये. निदान एक वर्ष खोलीतल्या ठरलेल्या जागी, खोळ घालून, चुंबळींवर मांडलेला राहू द्यावा. पावसाळा संपला की एकदा तबलेवाल्याकडून सुरात लावून आणावा.